घेऊ नका, बघून तर जा

दुकानात नुसतं बघायला आलेला माणूस हातांवरून ओळखता येतो. तो हात मागं बांधतो. संध्याकाळच्या वेळी पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर एखाद्या मोठ्या दुकानाच्या काचेबाहेर थोडं रेंगाळावं, म्हणजे हे दिसतं. ज्याला काही घ्यायचंय त्याचे हात आत शिरताच पुढं होतात. तो कापड चिमटीत धरतो, चपलेचा तळ वाकवून बघतो, कुकरचं झाकण लावून काढून पाहतो. बघायला आलेला मात्र एका मुठीत दुसरं मनगट धरून, मान जरा पुढं काढून, कपाटांच्या कडेकडेनं फिरत राहतो. आपण कशालाही हात लावलेला नाही, तेव्हा आपण कुणाचं काही देणं लागत नाही, असं ते पाठीमागचे हात सांगत असतात.

माझे हात बहुतेक वेळा मागंच असतात. आणि चार पावलं टाकून होतात न होतात तोच खांद्यामागून आवाज येतो, "सर, काही मदत हवीय का?" त्यावर मी काही ठरवण्याच्या आत माझ्या तोंडून निघून जातं, "नाही नाही, नुसतं बघतोय." विचारणाऱ्यालाही याच उत्तराची सवय असते. तो "ओके सर" म्हणतो आणि दोन पावलं मागं सरून तिथंच उभा राहतो. खरी पंचाईत पुढं होते. पाच मिनिटांनी मला खरोखरच काहीतरी विचारायचं असतं, हाच शर्ट बेचाळीसमध्ये आहे का वगैरे. पण मघाशी इतकं ठासून नाही म्हटलेलं असतं, की आता त्याच मुलाला हाक मारायचं जिवावर येतं. मग मी पलीकडच्या रांगेत जातो आणि ज्यानं माझा नकार ऐकलेला नाही असा विक्रेता शोधतो. तो सापडेपर्यंत शर्टाचा उत्साह बराचसा गेलेला असतो.

त्या मुलाचं तसं काही चुकत नाही. प्रश्न सभ्य असतो, आवाजही नम्र असतो. फक्त त्या प्रश्नाला नाही म्हणणं फार सोपं असतं, आणि हो म्हणायचं तर आपल्याला काय हवंय ते आधी ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक नसतं म्हणूनच तर माणूस बघत फिरत असतो.

माझ्या मामांचं बार्शीला कापडाचं दुकान होतं. जमिनीपासून हातभर उंच ओटा, त्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी, गादीवर पांढरी खोळ, मागं लोड. कपाटांत ताग्यांच्या थप्प्या, कोपऱ्यात लोखंडी गज. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं पडीक असायचो. माझी कामं दोन. आलेल्याला पाणी द्यायचं आणि बघून झालेल्या कापडाच्या मोडलेल्या घड्या पुन्हा घालायच्या. घडी घालणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. मूळच्या चुणीवरच घडी पडली पाहिजे, नाहीतर नवी साडी जुनी दिसते आणि मामा काही न बोलता ती तुमच्या हातातून काढून घेतात.

मामांच्या तोंडून "काय पाहिजे?" हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. पायरीशी कुणी चपला काढायला लागलं, की ते म्हणायचे, "बसा की. उन्हाचं आलाय." मग मी पाणी आणायचो. पाणी पिऊन होईपर्यंत मामा आपले हातातल्या वहीत बघत बसलेले. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला की दुसरं वाक्य, "गाव कुठलं म्हणायचं?" वैराग, पांगरी, असं काही उत्तर आलं की त्या गावातलं कुणीतरी मामांच्या ओळखीचं निघायचंच. मग पाऊस. मग ज्वारी. "औंदा ज्वारी कशी हाय?" हे ते इतक्या मनापासून विचारायचे, की मला वाटे यांची वैरागला जमीन असावी. पुष्कळ नंतर माझ्या लक्षात आलं, की ज्वारी कशी आहे यावरून कपाटाचा कुठला खण आधी उघडायचा ते ठरत होतं. पीक गेलेल्या माणसापुढं भारी शालू टाकून त्याला ओशाळवाणं करायचं नाही, हा त्यातला धंद्याचा भाग, आणि थोडा माणुसकीचाही. दोन्हींची सरहद्द मामांना तरी दाखवता आली असती की नाही, कोण जाणे.

एकदा मी विचारलं होतं, तुम्ही सरळ काय पाहिजे ते का विचारत नाही. ते म्हणाले, "त्यांना तरी कुठं ठाऊक असतंय?"

दुकानात येणारे सगळेच घ्यायला येत नसत. बार्शी लाइटची छोटी गाडी तेव्हा धावत होती. गाडीनं तालुक्याला आलेल्या माणसाचं कचेरीतलं काम दुपारी आटपायचं, आणि परतीच्या गाडीला वेळ असायचा. ऊन मी म्हणत असायचं. अशा वेळी गादी, पाणी आणि सावली असलेलं ठिकाण म्हणजे कापडाचं दुकान. माणूस यायचा, बसायचा, दोन-चार लुगडी बघायचा, काठाला हात लावून "भारी हाय" म्हणायचा आणि गाडीची वेळ झाली की उठायचा. मामांना हे पक्कं कळायचं. तरी ते लुगडी काढायला सांगायचे. मी घड्या घालता घालता कुरकुर केली, तर म्हणायचे, आज बघून गेलाय तो घरी जाऊन सांगेल. तो सांगायचा की नाही हे मला माहीत नाही. पण दिवाळीला त्या गावाकडची माणसं येऊन "मागं आमच्या दाजींनी बघितलेलं ते हिरव्या काठाचं" असं काही मागायची, आणि मामा न अडखळता ते काढायचे. तेच असायचं का? मला शंका आहे.

अपवाद एकच, सकाळचा. दुकान उघडून, गल्ल्याला उदबत्ती ओवाळून मामा बसले की भवानी होईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर दिवस तसाच जातो, ही त्यांची ठाम समजूत. त्यामुळं दुपारी बघणाऱ्यांचं एवढं स्वागत करणारा हा माणूस सकाळी मात्र बघणाऱ्याला घाबरून असायचा. "भवानीची वेळ आहे, रुमाल तरी घ्या," असं म्हणत खरेदीच्या भावात रुमाल गळ्यात मारताना मी त्यांना पाहिलंय. तेव्हा त्यांच्या आवाजात जी घाई असायची, तीच आज मॉलमधल्या मुलांच्या आवाजात दिवसभर ऐकू येते. त्यांची भवानी संपतच नाही. महिन्याचं टार्गेट असतं, आठवड्याचं असतं, दर संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणी किती विकलं याचा आकडा पडतो.

लगीनसराईत दुकानाचं रूपच बदलायचं. बस्ता बांधायला माणसं यायची ती कुटुंबच्या कुटुंब, सोबत शेजारचे दोन जाणते, एखादी आत्या जिच्या होकाराशिवाय काही हलायचं नाही, आणि मुलं. गादीवर जागा पुरायची नाही. इथं मामांचं पहिलं वाक्य वेगळं असायचं, "कार्य पोरीचं का पोराचं?" सगळ्या बस्त्याची दिशा त्या उत्तरात असायची. पोरीचं असेल तर नवरीच्या साड्यांपेक्षा मानपानाचा घोर मोठा. विहीणबाईंची कुठली, नणंदांच्या कुठल्या, मामेसासूला कमी दर्जाची गेली तर काय, हे सगळं दुकानदाराला घरातल्यांइतकंच कळलं पाहिजे. मामांना कळायचं. ते आधी टोपी-टॉवेल, धोतरजोडी, उपरणी असला बिनवादाचा माल काढायचे. चारदोन गोष्टी एकमतानं बाजूला पडल्या, की माणसं सैल होतात. मग चहा. मग साड्या. शालू सगळ्यात शेवटी, आणि तो दाखवताना मामांचा तिथला नोकर पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा. मिशीवाला, कपाळाला अष्टगंध लावलेला तो माणूस डाळिंबी शालूचा पदर अंगावर घेऊन गंभीरपणे उभा राहिला की कुणी हसत नसे. नवरी मुलगी मान खाली घालून त्या पदराकडं बघायची आणि आत्या म्हणायची, "जर बघू द्या जवळून."

हे सगळं सांगताना मला फार गोड वाटायला लागलं की थांबावंसं वाटतं. कारण "बसा की" हे सगळ्यांसाठी नव्हतं. मामांच्या वडिलांच्या काळात गादीवर कोण बसायचं आणि पायरीखाली उभं राहून कुणी लुगडं मागायचं, हे गावानं आधीच ठरवून टाकलेलं होतं. पायरीखालच्या माणसाला बघायचा अधिकार नव्हता. त्यानं काय हवं ते सांगायचं, पैसे ठेवायचे आणि वरून टाकलेलं घ्यायचं. मामांच्या वेळेपर्यंत हे उघड उरलं नव्हतं, तरी गादीच्या कडेला टेकणारी आणि मधोमध मांडी घालणारी माणसं निराळी होती, आणि कुणाला कडेला टेकायचं हे कुणी सांगत नसे. आजही काचेच्या दारापाशी उभा असलेला रखवालदार एकाला सलाम करतो आणि दुसऱ्याला "काय पाहिजे?" विचारतो. त्याला तो फरक कुणी शिकवलेला असतो? नुसतं बघत फिरता येणं ही एक ऐपतच आहे. ज्याच्या कपड्यांकडं बघून त्याच्यामागं दुकानातला माणूस सावलीसारखा फिरायला लागतो, तो दुसऱ्यांदा आत येत नाही.

युरोपातसुद्धा हे बघणं आपोआप आलेलं नाही. दुकानात पाऊल टाकलं म्हणजे काहीतरी घेतलंच पाहिजे, भाव मालकानं तोंडाकडं बघून सांगायचा, अशी रीत तिकडंही होती. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको नावाचा माणूस १८५२ मध्ये 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झाला आणि त्यानं ती मोडायला घेतली. वस्तूवर ठरलेली किंमत लिहायची, आत यायला कुणालाही मोकळीक, हात लावून बघायची मोकळीक, काही न घेता परत जायचीही मोकळीक. बायका दुपारच्या दुपार तिथं घालवू लागल्या. १८८३ साली एमिल झोलानं अशाच दुकानावर एक आख्खी कादंबरी लिहिली. तिच्यात रेशमाचे ढीग आणि गर्दीत हरवलेल्या बायका आहेतच, पण काउंटरमागच्या मुलीही आहेत. त्यांना विक्रीवर कमिशन मिळतं, गिऱ्हाइकाला सामोरं जायचे नंबर लागलेले असतात, आणि चांगल्या घरातली दिसणारी बाई आली की नंबर चुकवून एकमेकींची गिऱ्हाइकं पळवली जातात. म्हणजे बघणाऱ्याला मोकळीक मिळाली त्याच दिवशी विकणाऱ्याची घाईही जन्माला आली.

पुढं हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज या अमेरिकन माणसानं १९०९ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपलं दुकान उघडलं. त्याची एक गोष्ट सांगतात, की आधी कधीतरी तो लंडनच्या एका दुकानात गेला असता तिथल्या माणसानं काय हवं म्हणून विचारलं, यानं नुसतं बघतोय म्हटल्यावर त्याला सरळ बाहेरची वाट दाखवली. अशीच गोष्ट आपल्या मुंबईत टी. एन. शानभागांची सांगतात. तरुणपणी एका पुस्तकाच्या दुकानात पुस्तकं चाळत असताना त्यांना हटकलं गेलं, आणि त्यातून १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात 'स्ट्रँड बुक स्टॉल' उभा राहिला. गोष्टी सांगता सांगता गोल होतात हे मला ठाऊक आहे, पण या दोन्ही मला खऱ्या वाटतात, कारण हटकलं जाण्याचा राग किती दिवस टिकतो हे कुणालाही विचारावं.

स्ट्रँड नंतर फोर्टात आलं. मी मुंबईत नोकरीला होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिथं जायचो. मुंबईत उभं राहून फुकट वाचायला मिळणारी जागा म्हणजे चैनच. तिथं कुणी "मदत हवीय का" म्हणत नसे. तुम्ही एखादं पुस्तक बराच वेळ हातात धरून उभे राहिलात, तर शेजारून जाता जाता कुणीतरी म्हणायचं, "याचं दुसरं जास्त चांगलंय, ते वरच्या कप्प्यात आहे." एवढंच. थांबायचं नाही, उत्तराची वाट बघायची नाही. ते वाक्य टाकून माणूस पुढं निघून जायचा. मग मीच त्याच्यामागं जाऊन विचारायचो, जास्त चांगलं म्हणजे कसं? २०१८ मध्ये ते दुकान बंद झालं, तेव्हा वर्तमानपत्रांत पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं. बहुतेकांच्या आठवणी विकत घेतलेल्या पुस्तकांपेक्षा अशा शेजारून आलेल्या वाक्यांच्याच होत्या.

पुणेरी दुकानदाराबद्दल पु. लं.नंतर नवं काही बोलण्याची सोय राहिलेली नाही, म्हणून तो विषय सोडतो. एवढंच म्हणतो, की पेपरातून मान वर न काढणारा तो माणूस बघणाऱ्याच्या दृष्टीनं वाईट नव्हता. त्यानं कधी कुणाची पाठ धरली नाही.

गिऱ्हाइकाशी बोलायला सुरुवात केव्हा करावी यावर आता पुस्तकं आहेत, शिबिरं आहेत. पॅको अंडरहिल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी दुकानांत माणसं कशी हिंडतात ते वर्षानुवर्षं बघितलं आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. दारातून आत आलेला माणूस पहिली काही पावलं खरं म्हणजे आत आलेलाच नसतो. त्याचे डोळे उजेडाला सरावत असतात, पाय रस्त्याच्या वेगात असतात. तिथं लावलेली पाटी त्याला दिसत नाही आणि तिथं विचारलेल्या प्रश्नाला तो आपला नाही म्हणून टाकतो. हे वाचताना मला मामांच्या दुकानाची पायरी दिसली. वाकायचं, चपलेचा अंगठा सोडवायचा, चपला नीट कडेला लावायच्या, तोल सांभाळत वर चढायचं. एवढ्या वेळात बाहेरचं ऊन बाहेर राहायचं. त्यावर पाणी. मामा ते सगळं होईस्तोवर वहीत बघत बसायचे ते उगाच नव्हे.

हातात काहीतरी काम असणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. हात छातीशी बांधून दाराकडं बघत उभा राहिलेला विक्रेता दिसला की मी रस्ता बदलतो. तोच खाली बसून बूट जोडीनं लावत असला तर मी आपण होऊन त्याच्याकडं जातो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत याचा अनुभव येतो. तिथं मठाराचं काम चालू असतं, हातोडीचा ठोका पडत असतो. तुम्ही दारात उभे राहून एखादा बंब नाहीतर हंडा न्याहाळू लागलात तरी कारागीर मान वर करत नाही. ठोके चालू ठेवून, मधल्या एका पोकळीत तो विचारतो, "पाणी ठेवायला, का शोभेला?" या प्रश्नाला नाही म्हणताच येत नाही. शोभेला म्हणावं तर जरा लाजल्यासारखं होतं, पाण्याला म्हणावं तर लगेच कल्हई, चिंच, रोजची घासाघीस यांवर बोलणं येतं. मी तिथून एकदा काही न घेता तासाभरानं निघालो, आणि निरोप घेतल्यासारखा निघालो.

उलट तुळशीबागेत बोलणं सुरू व्हायला वाक्यसुद्धा लागत नाही, नुसती हाक पुरते. या ताई, बघा मावशी, काकू इकडं, घेऊ नका पण बघून तर जा, बघायला काय पैसे पडतात का! हाक मारणारी पोरं विशी-बाविशीची असतात, आणि त्यांच्याइतक्या झटक्यात आपलं वय कुणीच जोखत नाही. मला ते आधी दादा म्हणायचे. मग बरीच वर्षं साहेब चाललं, तो काळ बरा होता. आता काका आहे. मध्यंतरी एका कंगव्यावाल्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं आणि हाक मारताच सोडून दिली. त्याच्या धंद्याच्या समजेबद्दल मला आदर वाटला. माझ्या बायकोला एकानं 'आजी' म्हटल्याला बरीच वर्षं झाली, तो गाळा अजून आमच्या वाटेवर येत नाही.

लक्ष्मी रस्त्यावरची पुष्कळ दुकानं आता गादी काढून काउंटरवाली झालीत. गुडघ्यांच्या दृष्टीनं बरंच झालं म्हणायचं. पण गादीवर विकणारा आणि घेणारा दोघेही बसलेले असत, डोळे एका पातळीत असत, आणि बसलेल्या दोन माणसांना न बोलता राहणंच अवघड. आता गिऱ्हाइकाला स्टूल मिळतं आणि विकणारी मुलगी सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभी असते. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी निव्वळ बसता यावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. कोझिकोडमधल्या बायका त्यात पुढं होत्या. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय बंधनकारक केली. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तसाच बदल केला. हे वाचल्यापासून मी दुकानात गेलो की आधी विकणाऱ्यांच्या पायांकडं बघतो. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभी असलेली मुलगी "वेलकम सर" म्हणते तेव्हा त्या वाक्यात गोडवा कमी का, असं मी विचारत नाही.

मोबाइलवरच्या दुकानांत तर आपल्यामागं कुणी उभंच नसतं, असं आधी वाटलं होतं. हात मागं बांधायची गरज नाही, वाटेल तेवढं बघा. पण एखादी छत्री जरा जास्त वेळ बघितली की ती छत्री पुढचे आठ दिवस क्रिकेटच्या स्कोअरशेजारी उभी असते. इतकं चिकटणं मामांच्या कुठल्याही गिऱ्हाइकानं सहन केलं नसतं.

गेल्या महिन्यात आईची एक जुनी इरकली घेऊन मी मॅचिंग सेंटरमध्ये गेलो. पुतणीच्या लग्नात माझी मुलगी ती नेसणार, तिला ब्लाउज हवा. ही कामं घरात माझ्याकडं येत नाहीत, त्या दिवशी आली. दुकान म्हणजे एक बोळ, दोन्ही भिंतींना छतापर्यंत कापडाच्या घड्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रंगांची चढण. मी साडी पिशवीतून अर्धी बाहेर काढून उभा राहिलो. काउंटरमागची मुलगी कुणाचं तरी अस्तर कापत होती. कात्री न थांबवता ती म्हणाली, "काका, इथं बघू नका. ट्यूबखाली आमसुली फसवतो. बाहेर उजेडात चला."

मला काय हवंय, किती हवंय, बजेट काय, यातलं काहीच तिनं विचारलेलं नव्हतं. तिनं अस्तर बांधून दिलं, भिंतीतून तीन घड्या ओढल्या आणि आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिलो. मी पदर धरलेला, ती एकेक कापड काठाला लावून बघतेय. पहिलं तिनं स्वतःच नापास केलं. दुसरं मला बरं वाटलं, तर रस्त्यानं जाणाऱ्या एक बाई भाजीच्या पिशवीसकट थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही हो, तो वांगीकडं जातोय." मुलीनं मान डोलावली, तिसरं लावलं. त्या बाईंनी साडीचा पोत बोटांत धरून बघितला आणि विचारलं, ही आताची नव्हे ना? मी म्हटलं, आईची, बार्शीची. मग किती वर्षांची, तिकडं आता अशा मिळतात का, नेसवणारं कुणी आहे का, असं सुरू झालं. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा आम्ही तिघं जरा कडेला झालो.

"हाच घ्या," मुलगी म्हणाली. "पन्हा मोठा आहे, ऐंशी सेंटिमीटरमध्ये होईल. बाही कोपरापर्यंत, का आखूड?"

याचा मी विचारच केलेला नव्हता. घरी फोन लावला. कुणी उचलेना. तोवर ती आत जाऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फॉल शोधायला लागली होती, आणि भाजीच्या पिशवीवाल्या बाई मला ठामपणे सांगत होत्या, की इरकलीवर लांब बाहीच शोभते, हल्लीच्या मुलींचं काही ऐकू नका.